कारले ताटात हवे, गोळीच्या जागी नको

मंगळवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी सकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे बाजार आणि डॉक्टर ही दोन्ही कामे एस.टी.च्या एकाच फेरीत उरकतात. दुपारी दोनच्या सुमारास गर्दी ओसरली की मी पिशवी घेऊन बाजारात जातो. ही माझी वीस-पंचवीस वर्षांची सवय आहे. भाजीच्या ओळीत कोणी ना कोणी मला गाठतेच आणि विचारते, "डॉक्टर, कारलं खाल्लं की साखर कमी होते ना?"

आजचा लेख या एका प्रश्नाविषयी आहे. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मी मात्र एकदा ते एका शब्दात देऊन मोकळा झालो होतो आणि त्याची किंमत माझ्या एका पेशंटला मोजावी लागली. ती हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव-गाव वगळून सांगणार आहे. पण आधी भाजीविषयी बोलू. कारले निवडायचे कसे, ठेवायचे कसे आणि कडू तोंड न करता खायचे कसे, हे ज्याला कळले त्याला कारल्याचा रस नाक दाबून प्यायची गरज वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

बाजारातली निवड

कारले पारखायला मला तात्यांनी शिकवले. (सोयीसाठी त्यांना तात्याच म्हणू.) तात्यांचा अर्धा एकर मांडव कारल्याचा. बाजारात पिंपळाच्या पाराजवळ त्यांची जागा ठरलेली. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा कारली एकेक उचलून बोटाने दाबू लागलो. तात्या म्हणाले, "डाक्टर, तुम्ही पेशंटचं पोट दाबून बघता तसं कारलं दाबू नका. नजरेनं बघा, हातात तोला. नख लागलं की तिथनंच ते नासायला लागतं."

तात्यांची पारख अशी. कारले तुकतुकीत आणि एकसारख्या हिरव्या रंगाचे असावे. देठ हिरवा आणि ओलसर असावा. सुकून काळा पडलेला देठ म्हणजे माल दोन-तीन दिवसांचा. अंगावरचे काटे भरीव आणि ताठ हवेत. ते चेपलेले किंवा काळवंडलेले नकोत. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने कारले जड लागले पाहिजे. हलके लागले तर ते आतून पोकळ आणि निबर झालेले असते. टोकाकडे पिवळी किंवा नारिंगी झाक दिसली तर ते पिकायला लागले आहे असे समजावे. अशा कारल्यात बियांभोवती लाल गर धरतो, भाजी लिबलिबीत होते आणि ते घरी नेईपर्यंत फुटतेसुद्धा.

फार मोठी कारली घेऊन भाजी पुरवठ्याला येईल असे वाटते, पण त्यात बियाच जास्त निघतात. भरायची असतील तर बोटभर लांबीची, काचऱ्या करायच्या असतील तर वीतभर किंवा त्याहून थोडी लहान घ्यावीत. शक्यतो सगळी एका मापाची निवडावीत, म्हणजे सारखी शिजतात.

कडूपणाचे विचाराल तर फिकट हिरवी कारली गडद हिरव्या कारल्यांपेक्षा सहसा कमी कडू निघतात, असे तात्या सांगतात आणि आमच्या घरचाही अनुभव तसाच आहे. आपल्याकडे जातीही अनेक आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' दोन्ही टोकांना निमुळती असते. राहुरीच्या विद्यापीठाच्या 'हिरकणी' आणि 'फुले ग्रीन गोल्ड' या जाती गडद हिरव्या. पावसाळ्यात डोंगराकडच्या बायका कर्टोली घेऊन येतात, ती कारल्याचीच रानातली बहीण. तिला कडूपणा जवळजवळ नसतो. ज्या मुलांना कारले नकोच असते त्यांची सुरुवात कर्टोलीपासून करावी.

घरी आणल्यावर

कारले ही दिसायला दणकट पण टिकायला नाजूक भाजी आहे. आणल्या आणल्या धुऊन ठेवू नये. ओल राहिली की काट्यांच्या खाचांमध्ये बुरशी धरते. धुवायचे ते चिरण्याआधी, वाहत्या पाण्याखाली, हाताने किंवा मऊ ब्रशने चोळून. औषधफवारणीचा अंश याच खाचांमध्ये बसतो, म्हणून हे काम घाईने करू नये.

फ्रिज असेल तर कारली कोरडी पुसून कागदात किंवा सुती पिशवीत गुंडाळावीत आणि खालच्या भाजीच्या खणात ठेवावीत. कारल्याला फार थंडी सोसत नाही. दहा अंशांच्या खाली जास्त दिवस राहिले की त्याच्या सालीवर खळगे आणि तपकिरी डाग पडतात. म्हणून वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ ठेवू नये आणि तीन-चार दिवसांत संपवावे. फ्रिज नसेल तर टोपलीत ओलसर फडक्याखाली, गार आणि सावलीच्या जागी दोन दिवस चांगले राहते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो यांच्या शेजारी कारले ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्याने शेजारचे कारलेही भराभर पिवळे पडते. सकाळी हिरवी आणलेली कारली उद्या पिवळी झाली म्हणून भाजीवाल्याला बोल लावण्याआधी आपली फळांची टोपली कुठे आहे ते पाहावे.

आमच्या आईच्या वेळी उन्हाळ्यात कारल्याच्या चकत्या मीठ लावून उन्हात कडकडीत वाळवत आणि डब्यात भरून ठेवत. पावसाळ्यात त्या तळून खिचडीबरोबर यायच्या. चव उत्तम, पण त्यात मीठही भरपूर आणि तेलही भरपूर. रक्तदाबाच्या पेशंटांनी त्या दोन-चार चकत्यांवर थांबवाव्यात.

कडूपणाचे काय करायचे?

'कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच' ही म्हण आपण सर्रास वापरतो. ती माणसाच्या स्वभावाविषयी असेल, पण भाजीविषयी म्हणाल तर पुष्कळ घरांत ती शब्दशः पाळली जाते! पेशंट सांगतात, "डॉक्टर, आठवड्यातनं चार दिवस कारलं खातो." घरी काय करतात असे विचारले की कळते, कारली आधी तेलात खमंग तळलेली, मग त्यावर लिंबाएवढा गूळ. गूळ काळा असला, गावरान असला, तरी तो रक्तातली साखर साखरेसारखीच वाढवतो. अशी भाजी खाऊन कोणी साखर कमी होण्याची वाट पाहू नये.

कडूपणा पूर्ण घालवायचा नसतो, त्याला फक्त आवर घालायचा असतो. त्याचे मार्ग आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवले की पाणी सुटते आणि त्या पाण्याबरोबर बराचसा कडूपणा जातो. त्याबरोबर थोडे 'क' जीवनसत्त्वही जाते, हे खरे. कच्च्या कारल्यात ते शंभर ग्रॅमला ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास असते, जातीप्रमाणे कमी-जास्त. पण कडू म्हणून ताटात तशीच राहिलेल्या भाजीतून शून्य जीवनसत्त्व मिळते, तेव्हा याची फार चिंता करू नये. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी पिळलेल्या काचऱ्या एकदा साध्या पाण्यातून काढाव्यात आणि फोडणीनंतर चव पाहिल्याशिवाय वरून मीठ घालू नये. काही घरांत मिठाऐवजी ताकात भिजवतात, तेही चांगले.

दुसरा मार्ग आंबटाचा. चिंचेचा कोळ, आमसूल किंवा शेवटी पिळलेले लिंबू यांनी जीभ कडूपणा विसरते. तिसरा मार्ग स्निग्धतेचा, म्हणजे तीळ, दाण्याचे कूट, सुके खोबरे. या तिन्हींचा नीट मेळ घातला तर गुळाची गरज जवळजवळ उरत नाही.

आमच्याकडे होतात त्या काचऱ्या अशा. चार माणसांसाठी पाव किलो कारली घ्यावीत. साल फार खरवडू नये. कारले उभे चिरून निबर बिया काढून टाकाव्यात आणि पातळ काचऱ्या कराव्यात. पाऊण चहाचा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवाव्यात आणि हाताने घट्ट पिळून घ्याव्यात. लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करून त्यात काचऱ्या टाकाव्यात. मंद आचेवर, झाकण न ठेवता, मधून मधून हलवत पंधरा-वीस मिनिटे परताव्यात. कडा तांबूस झाल्या की लाल तिखट, दोन चमचे भाजलेल्या तिळाचे कूट आणि थोडे भाजलेले सुके खोबरे घालावे. गॅस बंद करून अर्धे लिंबू पिळावे. भोंडल्याच्या गाण्यातल्या सुनेला माहेरी जायला कारल्याच्या बीपासून भाजीपर्यंत थांबावे लागते. आपल्याला निदान ही वीस मिनिटे थांबता आले पाहिजे. आच मोठी केली तर काचऱ्या बाहेरून करपतात आणि आतून कडू राहतात.

भरली कारली करताना ती तळू नयेत. बोटभर कारल्यांना एका बाजूने चीर देऊन बिया काढाव्यात, आतून मीठ-हळद चोळावी आणि चाळणीवर आठ-दहा मिनिटे वाफवावीत. सारणाला कांदा चांगला लालसर परतावा. परतलेल्या कांद्याला स्वतःचा गोडवा असतो. त्यात तीळ-दाण्याचे कूट, गोडा मसाला, तिखट आणि चिंचेचा कोळ घालून ते कारल्यात भरावे, आणि थोड्या तेलावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी वाफ आणावी. मधुमेह नसलेल्यांसाठी सुपारीएवढा गूळ घालायला हरकत नाही. भाकरी, घट्ट वरण आणि ही भाजी असे ताट माझ्या मते कोणत्याही पंचपक्वान्नापेक्षा कमी नाही.

पाराजवळची रिकामी जागा

आता ती हकीकत.

तात्यांना मधुमेह असल्याचे मीच शोधून काढले होते. उपाशीपोटीची साखर १६८ होती. रोज दोन गोळ्या, चालणे आणि जेवणात बदल यांवर ती वर्षभरात ११५ ते १२० पर्यंत आली. तात्या खूश, मी खूश. एका मंगळवारी दवाखान्यात वीस-बावीस पेशंट ताटकळत होते. तात्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठता उठता म्हणाले, "डाक्टर, लोक माझ्याकडनं साखरेसाठी कारली नेत्यात. मग मी बी खाऊ का?" मी पुढच्या पेशंटचा केसपेपर ओढत म्हणालो, "खा की! चांगलं असतं."

हे माझे उत्तर. चूक नव्हते, पण अर्धे होते.

पुढे काही महिने तात्या तपासणीला आले नाहीत. बाजारात भेटत, हसत, माझ्या पिशवीत दोन कारली जास्त टाकत. मीही "साखर तपासली का?" असे विचारले नाही. मग लागोपाठ तीन मंगळवार पिंपळाजवळची जागा रिकामी दिसली. चौथ्या मंगळवारी काकू त्यांना दवाखान्यात घेऊन आल्या. उजव्या पायाचे अंगठ्याशेजारचे बोट काळेनिळे झालेले, खाली जखम, पट्टी सोडताच वास. नव्या चपलेने फोड आला होता. "दुखत नव्हतं, म्हणून आलो न्हाई," तात्या म्हणाले. दुखणार कसे? वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. साखर उपाशीपोटी ३१२ होती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी (एच.बी.ए.वन.सी.) साडेसातच्या आत असावी अशी माझी अपेक्षा; ती १२ च्या वर गेली होती.

गोळ्यांचे विचारले तेव्हा तात्या खाली बघत राहिले. उत्तर काकूंनी दिले. "गोळ्या सोडून सात महिने झालं. सकाळी उठल्याबरोबर पेलाभर कारल्याचा रस पित्यात. म्हणाले, डाक्टरांनीच सांगितलंय. मांडव दारात असताना गोळ्या कशाला इकत आणायच्या?"

त्यांना त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. पाय वाचला, बोट काढावे लागले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सात महिन्यांत मी तात्यांकडून किती वेळा भाजी घेतली असेल? गोळ्या चालू आहेत का, हा प्रश्न एकदाही माझ्या तोंडून बाहेर पडला नव्हता.

शास्त्र काय म्हणते?

कारल्याने साखर कमी होते हे निव्वळ थोतांड आहे का? नाही. कारल्यात चॅरेन्टिन, व्हायसिन आणि पॉलिपेप्टाइड-पी अशी द्रव्ये सापडली आहेत आणि प्रयोगशाळेत, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी साखर कमी केल्याचे दिसले आहे. पण उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो. २०११ साली थायलंडमध्ये मधुमेहाच्या पेशंटांवर चार आठवड्यांचा एक अभ्यास झाला. त्यात वाळलेल्या कारल्याचे रोज दोन ग्रॅम चूर्ण घेणाऱ्यांची साखर थोडी उतरली. पण मेटफॉर्मिनची रोज एक हजार मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांपेक्षा ती बरीच कमी उतरली. अर्धा किंवा एक ग्रॅम चूर्ण घेणाऱ्यांना म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा चार अभ्यासांमधल्या ४७९ पेशंटांचा विचार झाला. मधुमेहावर कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

'कारल्यात इन्सुलिन असते' असे मोबाईलवरचे निरोप सांगतात. इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि तोंडावाटे घेतलेले प्रथिन पोटात पचून जाते. तसे नसते तर इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची वेळ कोणावर आली नसती. शिवाय एका कारल्यात कोणते द्रव्य किती आहे हे जात, जमीन, कोवळेपणा यांवर बदलते. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीत रोज पाचशे मिलिग्रॅम औषध असते. आजच्या पेल्यात किती आणि उद्याच्या पेल्यात किती, हे तात्यांना कळायला मार्ग नव्हता आणि मलाही नाही.

झाडपाल्याला मी कमी लेखतो असे कृपया समजू नये. आज जगभर वापरली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी ज्या द्रव्यांवरून सुचली, ती युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीत सापडली होती. १९५७ साली फ्रान्समध्ये ती मधुमेहासाठी वापरात आली. पण वनस्पतीपासून गोळीपर्यंत येताना तिची मात्रा ठरली, धोके तपासले गेले. कारल्याच्या बाबतीत ते काम अजून पुरे झालेले नाही.

रसाचे धोके

भाजी आणि रस यांत मोठा फरक आहे. भाजीत दोन कारली चौघांत वाटली जातात आणि पोळी-भाकरीबरोबर पोटात जातात. रसात चार-पाच कारली एका माणसाच्या रिकाम्या पोटात जातात. पोटात मुरडा, मळमळ, जुलाब हे त्याचे नेहमीचे परिणाम. तात्यांनी गोळ्या सोडल्या. याच्या उलट जे ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतात आणि वर उपाशीपोटी रसही पितात, त्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर आणि गिळता येण्यासारखा असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि डॉक्टरांना गाठावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यावे.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे. काही जण कारले आणि दुधी यांचा एकत्र रस काढतात. दुधी एरवी निरुपद्रवी, पण एखादा दुधी कडू निघतो आणि तो कडूपणा विषारी द्रव्याचा असतो. नुसता दुधी प्यायला तर जीभ तत्काळ सांगते. कारल्याच्या रसात मिसळला की कडूपणा कशाचा हे कळत नाही आणि माणूस पेला संपवतो. दुधीच्या कडू रसाने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने स्पष्ट सांगितले : रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यावा, दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थपणा वाटला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. माझ्या मते हा एकत्र रस बंदच केलेला बरा.

गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी कारल्याचा रस, काढा, चूर्ण किंवा बिया घेऊ नयेत. कारल्याचा काढा पाजलेल्या लहान मुलांची साखर घसरून ती बेशुद्ध झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ज्यांना 'जी-सिक्स-पीडी' या द्रव्याची जन्मजात कमतरता आहे त्यांनी बिया टाळाव्यात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर रस किंवा चूर्ण घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मग कारले खायचे की नाही?

अवश्य खायचे, भाजी म्हणून. आठवड्यातून दोन-तीन वेळा वाटीभर, कमी तेलात, गुळाशिवाय. त्यात पाणी आणि चोथा भरपूर, उष्मांक अगदी थोडे. मधुमेहाच्या पेशंटचे पोट भरावे आणि साखर चढू नये, यासाठी याहून चांगल्या भाज्या थोड्याच असतील. ताटात बटाट्याच्या जागी कारले आले तर तो फायदाच आहे. गोळीच्या जागी आले तर मात्र तोटा.

मधुमेह असणाऱ्यांनी एवढे पाळावे. गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. साखर उतरली असेल तर मात्रा कमी करायचे काम डॉक्टरांचे. गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर ते न लाजता सांगावे. स्वस्त गोळ्या असतात आणि सरकारी दवाखान्यातही मिळतात. तीन महिन्यांनी तपासणी करावी. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांतून आणि तळव्याला बघावे; स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना बघायला सांगावे. दुखत नसलेली जखम ही दुखणाऱ्या जखमेपेक्षा जास्त धोक्याची समजावी. आणि घरी एखादा रस, काढा, चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. आम्ही रागावतो म्हणून पुष्कळ जण लपवतात. तो दोष आमचा आहे.

तात्या आता पुन्हा पिंपळाच्या पाराजवळ बसतात. पायात जाड तळव्याची, पुढून बंद चप्पल असते. गोळ्या चालू आहेत, गेल्या तपासणीत सरासरी ७.४ आली. माझी सवयही बदलली आहे. बाजारात कोणी "कारलं खाऊ का?" विचारले की मी आधी "गोळी चालू आहे ना?" असे विचारतो आणि मगच उत्तर देतो.

मागच्या मंगळवारी एक तरुण मुलगा तात्यांकडे आला. "आज्जीची साखर वाढलीय. रसाला दोन किलो कारली द्या," म्हणाला. तात्यांनी तराजूत पाव किलो टाकली आणि चपलेतून पाय काढून त्याच्यासमोर धरला. "भाजी करून खाऊ घाल. आणि आज्जीला उद्या डाक्टरांकडं ने."

दीड-पावणेदोन किलोचे गिऱ्हाईक त्यांनी हातचे घालवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आजी नातवाबरोबर माझ्या दवाखान्यात आली होती.